तांबडी रेघ आणि अळंबीची जागा

सुट्टीचा पहिलाच दिवस होता आणि कॅफेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तराफ्याचा बेत अगदी रंगात आला होता. गास्पारचं म्हणणं, चार रिकामी पिंपं एकत्र बांधली की तराफा तयार! त्याचा धाकटा भाऊ तिबो म्हणत होता की आधी पिंपावर गास्पारलाच बसवून बघावं, तो तरंगला तर जगातलं काहीही तरंगेल. ब्लांदीन हसून हसून लाल झाली होती. सिदोनीचं मात्र अर्धंच लक्ष होतं. तिची नजर सारखी भिंतीवरच्या पडद्याकडे जात होती. तिथं मुलांच्या यादीत सगळ्यांत वर तिचं नाव झळकत होतं.

हा पडदा म्हणजे सरपंच मादाम प्रादेलबाईंची करामत. शेजारच्या मोंसाक गावाशी त्यांनी चालण्याची शर्यत लावली होती. ज्यानं त्यानं खिशातल्या फोनमध्ये एक खेळ चालू करायचा. मग तो माणूस जिथं जिथं चालेल तिथं तिथं पडद्यावरच्या नकाशात तांबडी रेघ उमटायची आणि गावाला गुण मिळायचे. उन्हाळ्यातल्या जत्रेत बाईंनी स्वतः टेबलोटेबली फिरून सगळ्यांच्या फोनमध्ये तो खेळ घातला होता. फक्त सिदोनीच्या आजोबांनी, लेओन्स आजोबांनी, हात जोडले होते. माझे पाय कुठं जातात ते माझं मला पुरे, असं म्हणून त्यांनी बाईंना वाटेला लावलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि आजोबाच आत आले. हातात टोपली होती आणि टोपली उघडी होती.

सगळ्या कॅफेच्या माना टोपलीकडे वळल्या. शांतलूब गावात रानातून येणारा माणूस टोपलीवर नेच्याची पानं पसरल्याशिवाय रस्त्यावर पाऊल ठेवत नाही. टोपली भरलेली आहे की रिकामी, हे सख्ख्या भावालाही कळता कामा नये. अळंबीची जागा तर बाप मुलाला सांगतो तीही डोळे मिटायच्या आधी, आणि मुलगा बडबड्या असला तर तेव्हाही नाही. असल्या गावात लेओन्स आजोबांनी आपली रिकामी टोपली उघडीवाघडी नेली आणि आंसेल्मकाका पत्ते खेळत होते त्या टेबलावर, पत्त्यांवरच, आदळली.

"घे," ते म्हणाले. "एवढी टोपली राहिली होती, तीही घे."

आंसेल्मकाका म्हणजे ब्लांदीनचे आजोबा. हे दोघे म्हातारे एकाच बाकावर शिकले, एकाच दिवशी सैन्यात गेले आणि रोज सकाळी एकाच टेबलावर भांडत पत्ते खेळले. काकांनी टोपलीकडे पाहिलं, मग मित्राकडे. काय झालं, असं त्यांनी हळूच विचारलं. आजोबा ओरडून सांगू लागले. त्यांची अळंबीची जागा कुणीतरी दाताळ्यानं ओरबाडून काढली होती. बारकी अळंबी, पिल्लं, तेवढी सोडायची रीत असते, पण इथं पिल्लंसुद्धा उरली नव्हती. पालापाचोळा उलथापालथा, खालची पांढरी मुळं वर! आणि ती जागा कुणाला ठाऊक असणार? लागून रान कुणाचं? त्या बाजूला रोज हिंडतो कोण?

"लेओन्स, तू दमलायस," काका एवढंच म्हणाले. "घरी जा."

"चोराच्या तोंडून मला शहाणपण नको!"

काकांनी हातातले पत्ते पालथे ठेवले, टोपी उचलली आणि ते निघून गेले. ब्लांदीन त्यांच्या मागं धावली. जाताना तिनं सिदोनीकडे रागानं पाहिलं.

आणि मग सिदोनीनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिच्या नावाची तांबडी रेघ त्यांच्या घरापासून निघत होती, देवळामागून चढत होती, चेस्टनटच्या रानात शिरत होती आणि अगदी आत, जिथं वाटसुद्धा नाही, तिथं तिचा जाडजूड गुंता झाला होता. सिदोनी तिथं जन्मात गेली नव्हती.

ती रेघ आजोबांच्या फोनची होती.

जत्रेनंतर मोंसाक पुढं जायला लागलं तेव्हा तिनंच आजोबांचा फोन घेऊन त्यात गुपचूप तो खेळ घातला होता. सगळ्या गावात आजोबांइतकं चालतं कोण? आणि त्यांचं नाव दिलं तर ते भडकतील, म्हणून तिनं आपलंच नाव दिलं. गुण तिच्या नावावर साठत गेले. सरपंचबाईंनी तिला सगळ्यांसमोर बिल्ला लावला, पोरीच्या पायांना चाकं आहेत म्हणाल्या, आणि तिनं तो बिल्ला मिरवला! शाळेच्या वेळात ही पोर रानात कशी, हे एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. आजोबांना फोनचा तिटकारा, पण मागं एकदा ते रानात पडले होते, म्हणून आईनं सक्ती केली होती. दारातून निघताना फोन घेतला का, असं रोज विचारायची ती सिदोनीच.

तिनं बिल्ला काढून खिशात घातला. पण तोंड काही तिला उघडता आलं नाही.

घरी तर आणखीच कठीण झालं. आजोबा जेवले नाहीत. चुलीपाशी बसून ते म्हणाले की ह्या सुट्टीत तुला ती जागा दाखवायची असं ठरवलं होतं मी. तुझ्या मामाला कधी दाखवली नाही, त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. तुझं तसं नाही. सिदोनीनं सूपचा वाडगा बाजूला सारला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आत्ता सांगू, ताट उचलल्यावर सांगू, सकाळी सांगू, असं करत तिनं ती रात्र काढली आणि सकाळीही सांगितलं नाहीच.

गास्पार आणि तिबो मात्र चेकाळले होते. तराफा राहिला बाजूला, आता चोर पकडायचा! गास्पारच्या मते काका चोर असणं शक्यच नव्हतं. तिबोकडे तर पुरावा होता. तो म्हणाला की काल आमच्या आजीनं ऑम्लेट केलं ते डब्यातल्या अळंबीचं, आणि करताना खिडकीची दारं लावून घेतली! डबा तिनं कचऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून टाकला.

"म्हणजे तिची जागासुद्धा लुटली," गास्पार म्हणाला.

"मग ती बोलत का नाही?"

"बोलणार काय? माझी अळंबी चोरली म्हटलं की लोक विचारणार, कुठून चोरली?"

खरंच होतं. त्या दिवशी पोरांनी गावभर फिरून पाहिलं. ऐन हंगाम आणि एकाही घरातून लोण्यात परतलेल्या अळंबीचा वास नाही. लोहाराकडे टोपल्या उलट्या टांगलेल्या. पाववाल्या बाईनं यंदा पाऊसच धड नाही असं सांगितलं आणि बाहेर तर पावसाची झड लागली होती! सगळं गाव लुटलं गेलं होतं आणि सगळं गाव तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतं. जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघत होता. आणि आजोबांनी उघड नाव घेतल्यामुळं सगळ्यांचा संशय जाऊन जाऊन बसला होता आंसेल्मकाकांवर. काका कॅफेत आले नाहीत. पाववाल्या बाईनं त्यांच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, हे सिदोनीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिला वाटलं, बाईनं आपल्याच थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ती ब्लांदीनकडे गेली. ब्लांदीन अंगणातल्या छपराखाली अक्रोड फोडत बसली होती. तिनं वर पाहिलंच नाही. सिदोनी दारातच उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन, रेघ, बिल्ला, सगळं.

ब्लांदीनची हातोडी थांबली. "मला कशाला सांगतेस? तुझ्या आजोबांना सांग."

"सांगेन. पण आधी चोर सापडू दे."

"म्हणजे चोर सापडला की मग सांगायची गरजच उरणार नाही. हो ना?"

मनातून सिदोनीनं अगदी हाच हिशेब केला होता. ब्लांदीननं एक अक्रोड असा फोडला की त्याचा भुगा झाला. मग ती म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. तुझ्यासाठी नाही. माझे आजोबा आता कॅफेत पाऊल टाकत नाहीत, म्हणून."

रेघेची गोष्ट कळल्यावर गास्पारनं आधी सिदोनीकडे आणि मग पडद्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. काय हे गाव! सख्ख्या भावापासून जागा लपवायची आणि रोज कॅफेच्या भिंतीवर तीच टांगून ठेवायची! आता प्रश्न एवढाच होता की ह्या पडद्याकडे टक लावून बघतं कोण?

"धुराडंवाला," तिबो लगेच म्हणाला.

हिवाळ्याच्या तोंडावर धुराडी साफ करणारा एक नवा माणूस पांढरी गाडी घेऊन गावात फिरत होता. रोज सकाळी कॅफेत बसायचा, तोही पडद्यासमोरच्या खुर्चीवर. सगळ्यांच्या धुराड्यांची कामं त्यानं घेतली होती आणि सगळ्यांना तो पुढच्या आठवड्याचा वायदा देत होता. मोठी माणसं म्हणत, बिचाऱ्याला फार काम आहे. तिबो म्हणाला की त्यानं परवा कॅफेत माझ्या हातून साखर घेतली, त्याची नखं आपल्या शाळेतल्या बाईंच्या नखांपेक्षा स्वच्छ आहेत. धुराडी साफ करणाऱ्याची नखं!

गास्पारनं भावाच्या पाठीत कौतुकाचा धपाटा घातला. पण पकडायचं कसं? मोठ्यांना सांगावं तर मोठी माणसं आपली जागा लुटली गेली हेच कबूल करणार नाहीत. मग सिदोनीच म्हणाली की चोर रेघेमागून जातो ना, मग रेघ आपण काढू.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा डुलकी घेत होते तेव्हा तिनं चुलीवरच्या फळीवरून त्यांचा फोन उचलला. चोरीवर आणखी एक चोरी, असं तिच्या मनात आलं. मग चौघं निघाली. रानाच्या बाजूला नाही, उलट खाली, ओढ्याकाठच्या गायबुडीकडे. गायबुडी वरून पाहिली तर हिरवंगार गवत, मऊ मऊ, अगदी गालिचा, आणि खाली सगळी दलदल. गावातला शेंबडा पोरगासुद्धा पावसात तिथं हातगाडी नेत नाही. चौघं कडेकडेच्या दगडांवरून चालली आणि पलीकडच्या झाडीत शिरली. आजोबांसारखं थांबत, वाकत, गोल गोल फिरत त्यांनी फोनला भरपूर हिंडवलं. तिबो तर कमरेवर हात ठेवून हुबेहूब आजोबांसारखा कण्हत होता. गास्पार हसला, ब्लांदीनसुद्धा हसली. सिदोनीला हसू आलं नाही.

संध्याकाळी कॅफेच्या पडद्यावर सिदोनीच्या नावाची नवी रेघ उमटली, ओढ्याकाठी हा एवढा गुंता. धुराडंवाल्यानं कॉफीचा पेला तोंडाशी नेला आणि तिथंच थांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही कॅफे उघडल्या उघडल्या येऊन बसली. धुराडंवाला आला नाही. बऱ्याच वेळानं दार ढकललं गेलं आणि मांड्यांपर्यंत चिखलात माखलेला तो माणूस आत आला. गाडी रुतली आहे म्हणाला, कुणाचा ट्रॅक्टर मिळेल का? कुठं रुतली? त्यानं ओढ्याकडे बोट दाखवलं. अख्खा कॅफे हसत सुटला. गायबुडीत परक्याची गाडी रुतली म्हणजे आमच्या गावात जत्राच! पाववाल्या बाईनं दुकानाला कडी घातली, लोहारानं भाता सोडला, सरपंचबाई छत्री घेऊन निघाल्या. लेओन्स आजोबाही गेले, कारण घरी बसून त्यांना घर खायला उठलं होतं. पण तेवढ्या ताकदीचा ट्रॅक्टर गावात एकाकडेच होता. आंसेल्मकाकांकडे. ब्लांदीन धावत जाऊन त्यांना घेऊन आली.

काका आले तसे सगळे दोन पावलं मागं सरले. त्यांनी गाडीखाली वाकून साखळी अडकवली आणि ट्रॅक्टर चालू केला. धुराडंवाला सारखा ओरडत होता की हळू, मागचं दार नीट लागत नाही! पण गायबुडीतून हळू काही निघत नाही. काकांनी एक हिसका दिला, गाडी उसळली, मागचं दार फाडकन उघडलं आणि आतून खोकीच्या खोकी गवतावर कोसळली. आणि खोक्यांतून अळंबी! जाड दांड्याची, तपकिरी डोक्याची, ताजी, ढिगानं अळंबी. वर दोन लांब दातांची दाताळी. धुराडं साफ करायचा एक ब्रशसुद्धा नाही.

प्रत्येकाला आपली अळंबी ओळखू येत होती, पण ही माझी असं म्हणायची कुणाची प्राज्ञा? लोहार आपल्या बुटांकडे बघत होता. गास्पारची आजी गुणगुणत होती. शेवटी सरपंचबाईंनीच फोन काढून पोलिसांना बोलावलं. एका माणसाला एकच टोपली, हा रानाचा कायदा, आणि इथं तर बाजार होता.

"पण ह्याला जागा कळल्या कशा?" बाईंनी विचारलं.

तो माणूस चिखलात बसकण मारून बसला होता. तो चिडून म्हणाला, "तुम्हीच दाखवल्यात की! रोज सकाळी, कॉफीबरोबर."

तेव्हा गास्पारनं पुढं होऊन पडद्याची, रेघांची आणि गायबुडीच्या सापळ्याची सगळी हकिकत सांगितली. सिदोनीचा बिल्ला आणि आजोबांचा फोन तेवढा त्यानं वगळला. एकेका माणसाचा हात आपापल्या खिशाकडे गेला. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशातली गत! आधी पाववाली बाई हसली, मग लोहार, मग सगळेच. सरपंचबाईंचा चेहरा पडला होता, पण त्यांनी सावरून घेतलं आणि सिदोनीच्या खांद्यावर हात ठेवला. ही ह्या पोरांची अक्कल, त्यात सिदोनीची जास्त, मोंसाकमध्ये आहे का अशी एक तरी पोर, असं त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिचे केस विस्कटले.

आजोबांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे. माझ्या फोनात तो खेळ कधी नव्हताच. माझी जागा ह्या पडद्यावरून कुणाला कळलेली नाही." आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं.

काका ट्रॅक्टरवरून उतरून साखळी गुंडाळत होते. ते थांबले नाहीत, वर बघितलंही नाही. ब्लांदीन सिदोनीकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे सिदोनीला कळत होतं. चोर सापडला होता, शाबासकी मिळाली होती, आणि गप्प राहिलं तर कधीच कुणाला काही कळणार नव्हतं. एका निरपराध म्हाताऱ्याच्या नावावर तेवढा डाग राहिला असता.

"होता," सिदोनी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आजोबा, तुमच्या फोनात तो खेळ होता. मीच घातला. माझ्या नावानं. गुण मिळावेत म्हणून. ती माझी रेघ आहे ना, ती तुमची आहे."

तिनं खिशातला बिल्ला काढून सरपंचबाईंच्या हातात ठेवला. टाळ्या कधीच थांबल्या होत्या. आता आजोबा ओरडतील, हात उगारतील, काहीही करतील, पण काहीतरी करोत, असं तिला वाटत होतं. आजोबांनी त्यातलं काहीच केलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि भर चिखलातून चालत ते काकांपाशी गेले. काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही. काकांनी साखळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं आणि दोघांनी मिळून ती गुंडाळली.

दोन दिवस आजोबा सिदोनीशी कामापुरतंच बोलले. ती रडली नाही, कारण रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. रविवारी सकाळी ते दारात येऊन म्हणाले, चल. बाहेर आंसेल्मकाका उभे होते. आजोबांनी त्यांना सांगितलं की मी तुला चारचौघांत चोर म्हटलं, मग चारचौघांत टोपी काढून तुझी माफी मागितली, पण तेवढ्यानं फिटत नाही. आज तुला माझी जागा दाखवतो. आजपासून ती तुझी आणि माझी.

काकांनी नको नको म्हटलं, पण आजोबा ऐकेनात. तिघं देवळामागून चढून रानात शिरली. आजोबांचे गुडघे धरले होते, ते मागं पडले. काका पुढं गेले. जिथं वाट संपते तिथं ते डावीकडे वळले, मोडकं कुंपण ओलांडून दोन जुन्या चेस्टनटच्या मधून गेले आणि उकरलेल्या जमिनीसमोर येऊन थांबले.

आजोबा धापा टाकत मागून आले. जागेकडे बघितलं, मग काकांकडे. "मी तर तुला अजून वाट सांगितलीच नव्हती."

काका अवघडून टोपी चाचपायला लागले.

"तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हापासून. हरवलेलं कुत्रं शोधत आलो होतो."

"आणि एकदाही..."

"जागा तुझी होती. मी वळसा घालून जायचो."

आजोबा खोडावर मटकन बसले. "मग त्या दिवशी कॅफेत का नाही बोललास? म्हणायचंस, अरे मूर्खा, मला घ्यायचीच असती तर आजवर कितीदा घेतली असती!"

"तेवढ्या लोकांसमोर?" काका म्हणाले. "तुझी जागा मला माहीत आहे असं कळलं असतं, तर तू पुन्हा इथं सुखानं आला असतास का?"

आजोबांनी टोपीत तोंड लपवलं. सिदोनीनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. हा माणूस चोर म्हणवून घेऊन गप्प राहिला होता, आणि आपण बिल्ल्यासाठी काय केलं, हे तिला आता कुठं पुरतं कळलं. चोर पकडून, कबुली देऊन जे हलकं झालं असं वाटत होतं, ते सगळं पुन्हा छातीवर येऊन बसलं.

काका तिच्याजवळ आले. "पोरी," ते म्हणाले, "सगळं गाव टाळ्या वाजवत असताना तू बोललीस. मी एवढा म्हातारा झालो, मला नसतं जमलं."

तिला मान वर करवेना. ती खाली बसली आणि उलटलेला पाला, वर आलेली पांढरी मुळं, सगळं दोन्ही हातांनी परत जमिनीत दाबायला लागली. इथं पुन्हा काही उगवेल का, असं तिनं विचारलं. आजोबा म्हणाले, ते मला माहीत नाही. मग तेही गुडघे टेकून तिच्या शेजारी बसले आणि त्यांच्या शेजारी काका.